हळदीनं रंगवलेलं देऊळ

मिरजेच्या स्टेशनावर मला पोचवायला अख्खी मंडळी आली होती. आमच्या ख्रिस्ती लोकांत देवळातल्या सगळ्या कुटुंबांना मिळून मंडळी म्हणतात, आणि चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. तर अठ्ठावीस माणसं, दोन पिशव्या लाडू, एक पत्र्याची ट्रंक आणि मी. गाडी सुटायला पाच मिनिटं होती तेव्हा पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, टोपी काढली आणि म्हणाले, "आपण दोन शब्द प्रार्थना करू." पाळकसाहेबांचे दोन शब्द म्हणजे काय, हे बिचाऱ्या इंजिन ड्रायव्हरला माहीत नव्हतं. साहेबांनी माझ्यासाठी प्रार्थना केली, ड्रायव्हरसाठी केली, सिग्नलवाल्यांसाठी केली, मग वाटेतल्या एकेका पुलासाठी सुरू केली. शिट्टी झाली. प्रार्थना चालू असताना आमच्यात डोळे उघडत नाहीत. मीही मिटूनच उभा, आणि डब्यांची खडखड कानाला इतकी गोड लागत होती की जणू दुसऱ्याच कुणाची गाडी सुटतेय. शेवटी ज्यांनी जन्मात कधी प्रार्थनेत डोळे उघडले नव्हते त्या माझ्या वडिलांनी ते उघडले आणि ओरडले, "अरे चढ, गाढवा! आमेन आम्ही म्हणतो!"

मी मिळेल त्या डब्यात चढलो. तो रजा संपवून पलटणीत निघालेल्या फौजी जवानांनी भरलेला. ट्रंक भलत्याच डब्याच्या खिडकीतून आत गेली. कराडपर्यंत मी आणि माझं सामान एकाच गाडीतून वेगवेगळा प्रवास करत होतो. अशा थाटात मी घर सोडलं. तुमच्यापैकी जे माझ्यासारखेच उठून कुठं कुठं गेले त्यांचं निघणं याहून बरं झालं असेल, अशी आशा आहे. आणि जे मागं राहिले त्यांना ही हकिगत निम्मी ठाऊक आहेच. उरलेली निम्मी आता सांगतो.

माझी नोकरी मध्य प्रदेशातल्या एका पोलादाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत. तिथं मी कामाला जाईनासा झालो, ड्यूटीवर जायला लागलो. घर गेलं, क्वार्टर आलं. भाजीवाल्याशी 'भैया, ठीक से तोलो' असं भांडायला लागलो आणि पुढं पुढं स्वप्नातसुद्धा हिंदीतच चुका करायला लागलो. रात्रपाळी करून आलो की दिवसा झोपायचो. खिडकीला एक जाड चादर अडकवलेली असायची. दुपारचं ऊन त्या चादरीवर पडलं की खोलीभर तांबूस उजेड व्हायचा, आणि त्या उजेडात, ना धड झोप ना धड जाग अशा वेळी, मला आमच्या देवळाची दर्शनी भिंत दिसायची. लालभडक. मूळची ती पांढरी. लाल मी केली.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची. दुष्काळ सरून विहिरींना पुन्हा पाणी आलं होतं. आमचं गाव सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेकाठी. देऊळ गावाबाहेर रस्त्याला लागून. कौलारू, चार खिडक्यांचं, पन्नास माणसं बसली की दाटी होणारं. दर मे महिन्यात तिथं तीन दिवसांचा मेळावा असायचा. सातारा, पाचगणी, मिरज इथल्या मंडळ्यांतून पाहुणे यायचे. गायनं व्हायची, पोरांच्या शर्यती व्हायच्या आणि शेवटच्या दिवशी प्रीतिभोजन. म्हणजे सगळ्यांनी एका पंगतीत, एकाच भांड्यातलं जेवायचं. आजूबाजूच्या गावकऱ्यांनाही बोलावणं असे. आदले आठ-दहा दिवस आम्ही तरुण मंडळी स्वयंसेवक. उसाच्या पाल्याचा मांडव घालायचा, पाणी ओढायचं, भांडी गोळा करायची आणि देवळाला चुना द्यायचा. त्या वर्षी मी बी.एस्सी. झालेला, रसायनशास्त्र घेऊन, आणि नोकरीचा कागद खिशात. पाळकसाहेब म्हणाले, "शामू, तू शिकलेला आहेस. रंगाचं तुझ्याकडं." एवढी एकच चूक त्यांनी आयुष्यात केली.

त्याच सुमारास एका दुपारी आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. सूप न हलवता एकदम म्हणाली, "तू जायच्या आदी दादा एकदा आपल्यात जेवला असता रं."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, माझा दत्तूमामा. चार मैलांवरच्या गावात त्याची हळदीची शेती. आई तरुणपणी दवाखान्यात नर्सिंग शिकायला गेली, तिथं वडिलांशी ओळख झाली, ती ख्रिस्ती झाली, लग्न झालं. तेव्हापासून मामा आमच्या उंबऱ्याच्या आत आला नव्हता. भांडण असं काही नव्हतं. सांगलीच्या बाजारात गाठ पडली की तो विचारायचा, "बरी हायेस न्हवं किसा?" ती म्हणायची, "बरी हाय की." तो पोरांच्या हातावर खाऊ ठेवायचा आणि गर्दीत जायचा. दर मेळाव्याला आई त्याला निरोप धाडायची. दर वर्षी निरोप पोचायचा, माणूस यायचा नाही. चोवीस वर्षं. आई याबद्दल कधी बोलायची नाही, आणि आता बोलली ती अशी, सुपातल्या तांदळाकडं बघत.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता मी सायकल काढली आणि मामाचं गाव गाठलं. खळ्यावर हळद घासायचा ड्रम गरगरत होता. दोन गडी तो फिरवत होते आणि सगळ्या हवेत पिवळी धूळ. झाडं पिवळी, बैल पिवळे, मामाच्या मिशा पिवळ्या. उन्हात ती धूळ अशी तरंगत होती की माणसं पाण्याखाली चालल्यासारखी दिसत होती.

"काय रं भाच्या, वाट चुकलास का?" मामा म्हणाला.

चार मैल मी वाक्य पाठ करत आलो होतो: मामा, मी लांब निघालोय, आईची इच्छा आहे, एकदा येऊन जेवून जा. तोंड उघडलं आणि वाक्य गेलं. समोर भुकटीचा ढीग दिसला. मी म्हणालो, "मामा, थोडी हळदीची भुकटी पाहिजे होती."

"कशाला?"

आता कशाला? मला पाचगणीतली एक इमारत आठवली. तिथल्या एका शाळेत नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो तेव्हा पाहिलेली, फिकट पिवळी, धुक्यात दिवा लावल्यासारखी. म्हणालो, "देवळाला रंग द्यायला. पिवळा."

मामानं ड्रम थांबवायला लावला. "चुन्यातनं?"

"व्हय."

त्यानं मिशीवरची धूळ झटकली. "तू कालिजात काय शिकलास म्हनं?"

"केमिस्ट्री. रसायनशास्त्र."

"आस्सं," मामा म्हणाला. "मग चांगली दोन पोती ने. सडकेकडची भिंत रंगव, लांबनं दिसंल." आणि पोती सायकलीला स्वतः बांधून दिली. वर म्हणाला, "कसा झाला रंग ते बगाया पायजे येकदा." मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलतोय.

आता जे मी केलं ते सांगताना आजही कान गरम होतात. हळदीत चुना पडला की ती लाल होते. हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक असतं. कुंकू तसंच करतात. पाय मुरगळला की हळद-चुन्याचा लेप लावतात, तो लाल असतो. तो लेप माझ्या स्वतःच्या गुडघ्याला निदान दहा वेळा लागलेला. आणि हे कमी म्हणून की काय, हळदीचा कागद अल्कलीत लाल होतो हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. पण वहीतली हळद वेगळी आणि पोत्यातली वेगळी, असं माझ्या डोक्यात काहीतरी असावं. डोकं वेगळं ठेवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

दुपारी सगळे झोपले होते. मी पिंपात चुना कालवला, वर दोन्ही पोती ओतली आणि बांबूनं ढवळलं. पिंप लाल झालं. मी मनाशी म्हणालो, ओला चुना तरी कुठं पांढरा दिसतो? वाळल्यावर उघडतो. केकताडाच्या, म्हणजे घायपाताच्या, वाखाचा कुंचा घेतला आणि शिडीवर चढलो. निम्मी भिंत झाली तेव्हा मार्थाआत्या पाण्याची घागर घेऊन आली. महिला मंडळाची ती पुढारी आणि जिभेला धार.

"शामू, मेल्या, हे काय करतोयस?"

"पिवळा देतोय, आत्या."

"पिवळा? आरं, लाल हाय हे!"

"वाळू दे."

"वाळून काय डोंबल पिवळं हुतंय?"

"शास्त्र आहे त्यात, आत्या. वाळू दे."

ती घागर टेकवून सावलीत बसली. म्हणाली, "वाळूनच बगते. हलत न्हाई हितनं." मी भिंत पुरी केली. ऊन उतरलं. भिंत वाळली आणि मळवटासारखी लाल झाली.

पाळकसाहेब आले, थांबले. वडील आले, त्यांनी चष्मा काढून पुसून परत लावला. कुणी ओरडलं नाही, हेच वाईट. ख्रिस्ती झाल्यावर आमच्या बायकांनी ज्या कुंकवाला हात लावायचं सोडलं होतं, त्याच्या रंगात मी अख्खं देऊळ माखलं होतं. एवढ्यात रस्त्यानं पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातला एक म्हातारा धनगर मेंढरं घेऊन चालला होता. त्यानं भिंतीकडं बघितलं, काठी काखेत धरली, लांबूनच मनोभावे हात जोडले आणि पुढं गेला.

"जोडू दे की," मार्थाआत्या म्हणाली. "देवच हाय न्हवं आत?"

पहिल्यांदा पाळकसाहेबांना हसू आलं. पण आई हसली नाही. ती भिंतीपुढं उभी राहिली आणि हळू म्हणाली, "हे दादाच्या कानावर गेलं तर त्याला वाटंल, त्याच्या देवाधर्माची चेष्टा केली आपन. आता तो कशाचा येतोय." तेव्हा मला कळलं की मी नुसती भिंत बिघडवली नव्हती. हळद कुणी दिली हे सांगायला माझी जीभ उचलली नाही. उरलेला चुना मी वरून फासून बघितला. मधनंमधनं गुलाबी ठिपके उठले आणि भिंतीला गोवर आल्यासारखं दिसू लागलं. मग चुना संपला आणि मेळावा आला.

तीन दिवस पाहुण्यांनी विचारलं आणि मी तीन दिवस मांडवाच्या मागच्या बाजूला काम शोधत राहिलो. शेवटच्या दिवशी पंगत बसत होती. मी वाढपी. डाळीची बादली घेऊन वळलो तर रस्त्यावर एक बैलगाडी उभी, आणि गाडीत मामा. पांढरं धोतर, लाल पटका. तो खाली उतरला. भिंतीसमोर आला. हात कमरेवर ठेवले आणि हसायला लागला. असा हसला की पटका सुटला, डोळ्यांतून पाणी आलं, बैल बुजले. पंगतीतली माणसं मागं वळून बघू लागली आणि तीही हसायला लागली. हसली नाही ती एकटी आई. भाताची परात हातात घेऊन ती जागच्या जागी उभी होती.

"आवं मामा," मी म्हणालो, "तुमाला ठावं होतं?"

"जल्म गेला माजा हळदीत. मला ठावं नसंल व्हय?"

"मग सांगितलं का न्हाई?"

मामानं पटक्याच्या टोकानं डोळे पुसले. आता तो हसत नव्हता. "आरं, दर साली किसाचा निरोप यायचा. दर साली गाडी जुपायचो आनि सोडायचो. पयल्या साली न्हाई आलो, मग दुसऱ्या साली कोनत्या तोंडानं येनार? माजा मलाच रस्ता घावत न्हवता गड्या. तू हळद मागाया आलास, तवा म्हनलं, आता जाया येतंय. आता नुसतं बगाया आलो म्हनून सांगता येतंय."

मग तो आईकडं वळला. चोवीस वर्षांत बाजार सोडून दुसरीकडं पहिल्यांदा. "बरी हायेस न्हवं किसा?"

आईला 'बरी हाय की' म्हणता आलं नाही. तिनं परातीआडून मान हलवली फक्त.

"मग वाड की. का उबाच ठेवतीस?"

तो पंगतीत बसला, पाळकसाहेब आणि मार्थाआत्या यांच्या मधोमध. आईनं भात वाढला, पुन्हा वाढला, तो नको म्हणेना आणि तिला थांबता येईना. शेवटी मार्थाआत्या म्हणाली, "बाई, पत्रावळीतनं माणूस दिसंना झालाय." मी डाळ वाढायला वाकलो आणि घाईत ती मामाच्या धोतरावर सांडली. पिवळा डाग. मामा म्हणाला, "ह्यो मात्र पिवळाच ऱ्हाईल बग."

भिंतीचा रंग पुढं उन्हानं उडत गेला. मी कारखान्यात रुजू झाल्यावर आईची पत्रं यायची, त्यात भिंतीची बातमी असायची. लाल उतरून नारिंगी झाली. मग दक्षिणेकडचा कोपरा फिकट पिवळा झाला, तुला पायजे होता तसा. दादा परवा येऊन गेला, गूळ दिला, ऱ्हायला. त्या 'ऱ्हायला' शब्दाखाली तिनं रेघ ओढलेली असायची. ही पत्रं मी दुपारी त्या तांबूस खोलीत वाचायचो आणि वाचता वाचता झोपायचो. मला कधी कधी वाटायचं, तिकडं सगळं हळूहळू माझ्या मनासारखं होत चाललंय, आणि ते बघायला फक्त मी नाही.

आता आई नाही, वडील नाहीत, मामाही नाही. आमचं घर विकलं गेलं. निवृत्तीनंतर एका मे महिन्यात एकटाच गेलो. सांगलीहून रिक्षा केली. देवळाला आता ऑइलपेंट आहे, मांडव कापडी आहे. पंगत बसत होती. मी कडेला उभा राहिलो, चेहरे शोधत. एकही सापडला नाही. वाढणारी एक बाई आली, तिशीतली, पदर खोचलेला, हातात डाळीची बादली. म्हणाली, "कुणाकडं आलाय पाव्हणं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. कुणाकडं? आयुष्यभर परगावच्या लोकांना मी सांगत आलो की माझं घर तिकडं आहे, आणि तिकडं उभा होतो तर एक नाव सांगता येईना. 

 बाईनं पंगतीतल्या दोघांना सरकायला लावून जागा केली, पत्रावळ मांडली आणि म्हणाली, "आदी बसा तर खरं. जेवता जेवता आटवंल."