बडगीनं सुरू केलेला हंगाम

मी गोलकीपर. जळगावच्या डाळमिलवाल्यांच्या टीमचा. माझ्या हातून निसटलेले बॉल एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, असं मी सांगत असतो, आणि ज्यांनी आमच्या मॅच पाहिलेल्या नाहीत ते माना डोलावतात. पण एक बॉल निसटला. त्याचा सूड घेतल्याशिवाय मरायचं नाही असं मी ठरवलं, आणि नेमकी महामारी आली. म्हणजे मरणाची सोय आधी झाली, सुडाची राहून गेली.

तो बॉल भुसावळात निसटला, रेल्वे कॉलनीच्या मैदानावर. त्यांचा सेंटर फॉरवर्ड हाच त्यांचा कॅप्टन. सिग्नलच्या खांबाएवढा उंच आणि तसाच मख्ख. शेवटच्या मिनिटाला त्यानं मारलेला बॉल माझ्या दोन पायांमधून असा गेला की जाळी फाडून पुढे नागपूरच्या गाडीत चढला असेल. आम्ही हरलो. हरण्याचं काही नाही. पण आमच्या लीगमध्ये रीत अशी की मॅच संपली की यजमानांनी पाहुण्यांना भरीत-पुरी घालायची. मैदानाच्या कडेला कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजत होती. या गड्यानं त्यातलं एक देठाला धरून उचललं, दोन्ही गावच्या लोकांसमोर माझ्याकडे फेकलं आणि ओरडला, "घ्या भाऊ, हे तरी धरा!"

वांगं निखाऱ्यासारखं तापलेलं. माझ्या हातून तेही सुटलं.

असं हसू मी पुन्हा ऐकलं नाही. हसता हसता एकाची कवळी पुरीत अडकली. खोटं वाटत असेल तर भुसावळात विचारा.

परतीची मॅच मार्चमध्ये आमच्याकडे होती. मी वांगी बघून ठेवली होती, फेकायला. आणि सगळंच बंद झालं. हंगामातली तेवढी एकच मॅच राहिली. ते आमच्यापेक्षा एका गुणानं पुढे. मॅच झाली आणि आम्ही जिंकलो तर कप आमचा, झालीच नाही तर त्यांचा. कप गेला खड्ड्यात. मला तो माणूस हवा होता, माझ्या गोलसमोर, बॉलसकट.

लॉकडाऊनमध्ये मी घरातच सराव केला. बायको स्वयंपाकघरातून कांदे फेकायची, मी दारात उभा राहून झेलायचो. सुरुवातीला ती हौसेनं फेकायची, नंतर रागानं. रागाचे कांदे जास्त जोरात येत. म्हणाली, "त्या माणसाचं नाव जेवढ्या वेळा घेता, तेवढ्या वेळा देवाचं घेतलं असतं तर हा रोग वेशीवरूनच परत गेला असता."

थंडी पडली, आजारी कमी झाले, तशी लीगच्या ग्रुपवर वादावादी पेटली. हंगाम पुन्हा सुरू करायचा की आहे तिथंच संपवायचा? शेवटी धुळ्याच्या आबांनी मोबाइलवर मीटिंग लावली. आबा लीगचे अध्यक्ष, जुने रेफ्री. अजूनही घरात कोणी मोठ्यानं बोललं तर खिशात शिट्टी शोधतात. पिंपळनेरचा कॅप्टन रेंज मिळावी म्हणून पाण्याच्या टाकीवर चढून बसला होता. वारा आला की फोनमध्ये तो कमी आणि आभाळ जास्त दिसायचं.

भुसावळचा खांब आधी बोलला. घसा खाकरून, मास्क नाकावर ओढून. "एका मॅचसाठी कोणाच्या घरचं माणूस जायला नको. चार डोकी एकत्र आली की धोका. आमची टीम तर आठ महिने एकमेकांना भेटलेली नाही. हंगाम इथेच थांबवा, जो पुढे त्याला कप द्या."

बोलणं खोटं नव्हतं, म्हणून मी जास्त पेटलो. त्या पावसाळ्यात आमच्या मिलचा जुना वजनकाट्यावाला गेला होता. त्याला खांदा द्यायलाही कोणाला जाऊ दिलं नव्हतं. तरी मी म्हणालो, "पोरं सुस्तावलीत, त्यांचं आरोग्य..." आणि तेवढ्यात त्याच्या फोनमधून आवाज आला.

ठक्क. ठक्क. ठक्क.

मीटिंगमधली सगळी तोंडं एकदम फोनच्या जवळ आली. हा आवाज ओळखायला आमच्याकडे कान लागत नाहीत, पोट पुरतं. घरच्या चार माणसांचं भरीत असेल तर बाई ताटातच वांगी कुस्करते. भरीत ठेचायची लाकडी बडगी बाहेर निघते ती अख्खी पंगत बसणार असेल तेव्हाच.

आबांनी चष्मा फोनला टेकवला. "हाऊ आवाज कसाना शे रे भो?"

"शेजारी बांधकाम चालू आहे, आबा."

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, हिरव्या मिरच्या कमी पडल्या!"

"बांधकामाले मिरच्या लागतस का रे?" आबा म्हणाले. "बठ्ठी टीम तठेच शे वाटस!"

आठ महिने न भेटलेली सगळी टीम तिथेच निघाली म्हटल्यावर टाकीवरचा पिंपळनेरवाला एवढा हसला की त्याला खाली उतरवायला शिडी मागवावी लागली. आबांनी तिथेच निकाल दिला: जी टीम एका बडगीभोवती बसू शकते, ती मैदानात लांब लांब उभी राहू शकते. मॅच धुळ्याला होणार. प्रेक्षक नाहीत, पंगत नाही. मी बायकोला मिठी मारायला गेलो, तिच्या हातात अजून कांदा होता.

पण त्या पंगतीनं आपलं काम केलं. भुसावळची निम्मी टीम तापानं झोपली आणि खांबाला ऑक्सिजनवर ठेवलं. मॅच पुढे ढकलली. रोज सकाळी मी देवापुढे उभा राहायचो. म्हणायचो, त्याला उचलू नकोस. आधी माझा हिशेब आहे.

तो वाचला. धुळ्याचं ते रिकामं मैदान मला अजून दिसतं. माणूस नाही, कुत्रं नाही, नुसता गार वारा. माझ्या पिशवीत केळीच्या पानात गुंडाळलेलं भाजकं वांगं. आम्ही एका गोलनं पुढे होतो आणि शेवटाला त्यांना पेनल्टी मिळाली. मारायला तोच आला.

चार पावलं धावला. थांबला. गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेतला आणि मग पाय उचलला. तो बॉल तोफेसारखा आला, मी वाघासारखी उडी मारली, असं मी मिलमध्ये सांगतो. प्रत्यक्षात बॉल चालत आला. वाटेत थांबून त्यानं मला पत्ता विचारला असता, तर तेवढाही वेळ होता. मी वाकून उचलला.

कप आमचा झाला. मी पिशवीतून वांगं काढलं आणि त्याच्यासमोर उभा राहिलो. "घे. हे तरी धर."

त्यानं दोन्ही हातांनी धरलं. मास्क खाली करून नाकाशी नेलं, बराच वेळ हुंगलं. गाल आत गेलेले. "वास येत नाही भाऊ अजून," तो म्हणाला. "काड्यांवर भाजलंय ना?"

हसायला कोणी नव्हतं. आबा वाफ धरलेला चष्मा पुसत होते.

मला असा संताप आला की गोलचा खांब उपटून त्याच्या डोक्यात घालावा. माझा सूड त्यानं आजारी पडून पळवला! मला भुसावळचा तो खांब पाडायचा होता; हे वाळकं लाकूड तर वाऱ्यानंही पडलं असतं.

तेव्हापासून मिलचा डाळीचा ट्रक भुसावळला निघाला की ड्रायव्हरकडे मी एक डबा देतो. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी. बायकोला वाटतं मी सुधारलो. तिला काय माहीत, कापायच्या बकऱ्याला आधी खाऊ घालून तयार करतात. दर वेळी मी मेसेज टाकायचो, "वास येतो का?" आणि त्याचं उत्तर यायचं, "नाही भाऊ."

परवा उत्तर आलं, "भाऊ, या खेपेला लसूण जास्त झाला."

मी तसाच उठलो, हातमोजे धुतले आणि उन्हात टाकले.