पुन्हा पुन्हा दाबलेलं बटण

कपाशीची कोवळी रोपं माना टाकून मातीला चिकटली होती, ठिबकच्या नळ्या तापून कडक झाल्या होत्या, आणि माझा पोरगा मोबाइल पुढे करून सांगत होता, मोटर चालू आहे. मी विहिरीवर उभी होते. मोटर बंद होती.

आम्ही सगळे धुळ्याला भाचीच्या लग्नाला गेलो होतो. आमच्यात पाठवणीच्या आधी मांडव सोडला, की वर्षभर बोलणी खावी लागतात. म्हणून धरणगावचं शेत पोराने मोबाइलच्या हवाली केलं. तो जळगावात मेहरूणला राहतो, पीएचपी नावाच्या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहितो. शेतात रेंज धड नाही, हे त्याला ठाऊक. म्हणून मोटरीला जाणारा निरोप त्याने अशा प्रोग्राममध्ये गुंडाळला, की उत्तर आलं नाही तर तोच निरोप आपोआप परत जावा. मांडवात तो हे पाहुण्यांना दाखवत होता. पाहुणे माना डोलवत होते. त्यांचं काय जात होतं?

निरोप पोचत होता, मोटर सुरूही होत होती. ‘झालं’ हे उत्तर तेवढं वाटेत हरवायचं. मग प्रोग्राम पुन्हा बटण दाबायचा. आणि याने बटण ठेवलं एकच: बंद असेल तर चालू, चालू असेल तर बंद. शेवटी कधीतरी ‘झालं’ आलं, ते मोटर बंद झाल्याचं, आणि हा जेवायला बसला.

मी म्हणाले, "मोटर चालू शे का बंद शे, हाई तिले इचारं का तू?"

"ना माय. उत्तर उनं म्हनजे काम व्हयनं."

"तुनी बायको ‘हा’ म्हननी, म्हनजे भाकर व्हयनी का?"

सुनेने तोंड फिरवलं. तेवढ्यात लाइट गेली, आता मोटर हातानेही सुरू होईना.

तो लिंबाखाली लॅपटॉप घेऊन बसला. आता ‘चालू कर’ हा निरोप वेगळा केला, कितीदाही गेला तरी मोटर चालूच राहील, असं तो तिथूनच ओरडून सांगत होता. चालतं ते आता, खोटं कशाला बोलू? लग्नाआधी केलं असतं तर पाहुण्यांना दाखवायला वेळ उरला नसता.

सून आणि मी विहिरीजवळच्या हौदातून हंडे भरून अंधार पडेपर्यंत पाणी घालत राहिलो.

हौदाजवळच्या ओळी जगल्या. बाकी कपाशी मेली.