गोर्लिट्झचे बूट

माझ्या मुलीचे बूट जावयाने रस्त्यावरच्या पेटीत टाकून दिले. जुन्या कपड्यांच्या लोखंडी पेट्या असतात तिकडे कोपऱ्याकोपऱ्यावर. तोंड असं की एकदा आत गेलेली वस्तू परत हाताला लागत नाही. तिचे कोट टाकले, पंजाबी ड्रेस टाकले, आणि पोलंडच्या कारागिराने हाताने शिवलेले तपकिरी बूटही टाकले. गेलेल्या माणसाचं वापरलेलं घरात ठेवू नये, देऊन टाकावं, ही रीत त्यांच्या आईने फोनवर सांगितली आणि त्यांनी पाळली. रीत खोटी नाही. पण मी येईपर्यंत थांबायला काय झालं होतं?

आता नमस्कार. मी सुमन, मिरजेची. हा ब्लॉग माझ्या वैशालीचा. हॅनोव्हरहून कुठे जावं, काय खावं, गाडी कुठे लावावी, ते ती तुम्हाला लिहायची. मार्चमध्ये एका सकाळी ती कामावर गेली, तिथेच डोक्यात रक्तस्राव झाला आणि ती गेली. मला व्हिसा मिळून मी पोचले तेव्हा ऑगस्ट उजाडला होता. शेवटचं तोंड पाहायचं ते फोनमध्ये पाहिलं. अस्थीही तिथे घरी ठेवू देत नाहीत, कलश स्मशानातच पुरावा लागतो. कृष्णेत सोडायला माझ्या हातात काही आलं नाही. तिच्या लेखांखाली अजून काही जण विचारतात, वैशालीताई, गोर्लिट्झला जाणार होतात, कधी लिहिताय? ती लिहिणार नाही. मी चौथी शिकलेली, मी लिहिते. शुद्धलेखन जावई सुधारतात, जीभ माझीच आहे.

ऑक्टोबरात रात्री जेवताना जावयांना, प्रसादरावांना, फोन आला. या, या, गेनाऊ, म्हणजे हो, हो, बरोबर, एवढंच जर्मनमध्ये बोलले आणि ताट पुढे सरकवून बसले. म्हणाले, आई, तुमचे बूट तयार झालेत.

गेल्या वर्षीच्या थंडीत मी आले होते, तेव्हा वैशालीने मला गोर्लिट्झला नेऊन पायाचं माप दिलं होतं. माझ्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलंय, सुपारीएवढं. दुकानातला एक बूट कधी पायात शिरला नाही. म्हातारा कारागीर एकटाच शिवतो, रांग मोठी, त्यामुळे एवढा वेळ लागला. प्रसादराव टपालाने मागवू म्हणाले. मी म्हटलं, बूट आणायला पाय घेऊन जावं लागतं.

तर ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. हॅनोव्हरहून माग्डेबुर्ग, लाइपझिग, ड्रेस्डेन करत गाडीने पाच तास धरा, शुक्रवारी दुपारी निघालात तर सहा. रस्त्यावरच्या शौचालयाला पैसे पडतात, सुटी नाणी ठेवा. पेट्रोलपंपावरचा सँडविच घेऊ नका, त्याला कशाचीच चव नसते. मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. नात इरा, बारा वर्षांची, मागे कानात बोंडं घालून बसलेली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते जर्मन. धपाटा हवा का विचारलं तर म्हणाली, नाइन, म्हणजे नको. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा न बोलता हात पुढे आला. गाडीत तेवढंच बोलणं झालं.

गोर्लिट्झ म्हणजे जर्मनीचं शेवटचं टोक. गाडी गावाबाहेर लावा, आत सगळे दगडी रस्ते आहेत. घरं रंगीत, जुनी, रांगोळीच्या डब्यासारखी ओळीने लावलेली, आणि रस्त्यात माणूस दिसायची मारामार. खाली नदी, नदीवर पायी जायचा पूल, पुलापलीकडे पोलंड. कोणी अडवत नाही, पण पासपोर्ट जवळ असू द्या.

आधी पूल ओलांडून जेवलो. पिएरोगी मागवा, बटाटा आणि चीज घातलेली, करंजी वाफवावी तशी. वर परतलेला कांदा असतो. मांस नको असेल तर आधीच बजावा, कांद्यात डुकराच्या चरबीचे तुकडे टाकतात.

पलीकडे निळ्या ठिपक्यांच्या मातीच्या भांड्यांची दुकानं आहेत. मोरपिसाच्या डोळ्यासारखे ठिपके, एकेक हाताने ठसा मारून उठवलेले. जर्मन बायका पेट्या भरून नेतात. घेताना भांडं उलटं करून बघा, हातकाम असेल तर तळाशी लिहिलेलं असतं. लिननचे टेबलक्लॉथ आहेत, समुद्रातून निघणाऱ्या पिवळ्या खड्याच्या माळा आहेत. स्वस्त यातलं काही नाही. वैशाली म्हणायची, आई, पोलंडवाल्यांचं सगळं दोनदा जळलं, लुटलं गेलं, मग जे हाताने करता येतं तेवढंच त्यांनी धरून ठेवलं. कारखान्यात मशीन तपासणारी माझी मुलगी, तिला मशीनने न केलेलं हवं असायचं. मी तेव्हा म्हटलं होतं, मिरजेत तंबोरे करणारे आहेत, तुझ्या लहानपणी त्यांच्या गल्लीतून जाताना नाक मुरडायचीस. हसली होती.

बूट शिवणारे म्हातारे मारेक पोलंडचे, पण त्यांचं दुकान जर्मन बाजूला, पुलाकडून चढावर. त्यांचे आजोबा वॉर्सात घोडदळाच्या अधिकाऱ्यांचे बूट शिवायचे, हे येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतात, आम्हाला दुसऱ्यांदा सांगितलं. आत चामड्याचा आणि मेणाचा वास. भिंतीभर गिऱ्हाइकांचे लाकडी पाय टांगलेले. माप घेतलं की आधी पायासारखा पाय लाकडात घडवतात आणि त्यावर चामडं ताणून बूट शिवतात. माणूस परत आला की मापाची गरज नाही, त्याचा पाय तिथे असतोच.

बूट घातले. सत्तर वर्षांत पहिल्यांदा पायाला कोणी दाबलं नाही. हाडाला त्याची त्याची जागा होती. मी म्हटलं, जड आहेत. प्रसादरावांनी सांगितल्यावर मारेक हसले आणि काहीतरी बोलले. प्रसादराव ते मला सांगेनात म्हणून मी दोनदा विचारलं.

"म्हणतात, वैशालीने माप देतानाच सांगितलं होतं. आई आधी जड आहेत म्हणेल, मग काढणार नाही."

मग मारेकनी विचारलं, वैशाली कुठे आहे, तिच्या बुटांना टाच लावायची वेळ झाली असेल. नाव मला कळलं, पुढचं अंदाजाने कळलं. प्रसादरावांनी फोनवर सांगितलंच नव्हतं. ते काउंटरवरच्या दोऱ्याच्या रिळाकडे बघत उभे राहिले. तेव्हा इरा बोलली.

"मामा इस्ट गेश्टोर्बेन."

मामा म्हणजे तिकडे आई. उरलेलं कळायला भाषा लागत नाही. पोरीच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकलं. मला वाटतं तिच्या बापानेही.

मारेक शिडी लावून वर चढले, एक जोड काढला, फडक्याने पुसला आणि काउंटरवर ठेवला. वैशालीचे पाय. गेलेल्या माणसाचा जोड तासून दुसऱ्याला वापरायचा नाही, घरच्यांना द्यायचा, अशी त्यांच्या आजोबांपासूनची रीत. मी उजवा हातात घेतला. अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आलेलं, माझ्यापेक्षा लहान, बोराएवढं. माझंच हाड. मला बातमी नव्हती. कधी पाय दुखतो म्हणून बोलली नाही.

मी मनात ठरवलं, हे मिरजेला न्यायचं. अस्थी नाहीत तर लाकूड, कृष्णा ओळखेल. तेवढ्यात प्रसादराव म्हणाले, नको आई, घरात कुठे ठेवायचं.

"एकदा टाकलंत प्रसादराव. याला हात लावू नका."

ते खाली बघूनच बोलले. "आई, ते बूट दाराशी होते. रोज कामावरून आलो, दार उघडलं की वाटायचं, ही आज माझ्याआधी घरी आली."

ऑगस्टपासून तोंडात धरून ठेवलेलं माझं सगळं बोलणं तिथेच राहिलं.

इरा खाली फरशीवर बसली होती. बूट काढला, मोजा काढला आणि पाय लाकडाच्या पायाशेजारी लावला. दोन बोटांचा फरक. मारेक वाकले, तिच्या अंगठ्याच्या मुळाशी हलकं दाबलं आणि बापाला काहीतरी बजावलं. निमुळते बूट घालू देऊ नका म्हणे. होतं तिथे, वाटाण्याएवढं. मी माझा मोजा काढून दाखवला. तिने माझ्या पायाकडे पाहिलं, लाकडाकडे पाहिलं, स्वतःच्या पायाकडे पाहिलं. मी म्हटलं, बघ, आणि घाल चोचीचे सँडल. ती हसली नाही. कोणाला न विचारता दोन्ही लाकडी पाय स्वतःच्या दप्तरात घातले आणि चेन लावली.

माझ्या बॅगेत वजनाला जागा होती. मी मागू शकले असते. परतताना पाच तास ते दप्तर तिच्या मांडीवर होतं. पेट्रोलपंपावर शौचालयाला गेली तेव्हाही पाठीला लावून गेली.

आता मी मिरजेत आहे. तुम्ही विचाराल, एवढ्या लांब जाऊन एवढे महाग बूट घ्यावेत का. पाय सरळ असतील तर घेऊ नका, पिएरोगी खाऊन परत या. माझ्या उपयोगाचे नाहीत, इथे दिवसा चपलेतही पाय भाजतो. डिसेंबरात एका पहाटे थंडी पडली तेव्हा घालून घाटावर गेले. शेजारीण म्हणाली, सुमनकाकू, पलटणीत भरती झालात काय. मी म्हटलं, हो, तुझंही नाव देऊन आलेय. पायरीवर बूट काढून ठेवले आणि पाण्यात पाय सोडून बसले. सोडायला दुसरं काही नव्हतं. ऊन वर येईपर्यंत बसले होते.

खाली कोणी मला धीर धरा म्हणून लिहू नका. इरा, ते लाकडाचे पाय तू कुठे ठेवलेस, ते मला सांग. प्रसादराव, हे तिला वाचून दाखवा, सुधारायच्या नावाखाली या ओळी गाळू नका, आणि उत्तर तुम्ही द्यायचं नाही. तिनेच द्यायचं, मराठीत. चुकलं तरी चालेल.