उजव्या खुर्चीतली एकोणीस वर्षं

माझ्या वडलांना कंपनीत सगळे 'उजवे' म्हणायचे. पाठीमागे, अर्थातच. विमानात कॅप्टन डाव्या खुर्चीत बसतो आणि को-पायलट उजव्या. बाबा त्या उजव्या खुर्चीत तेविसाव्या वर्षी बसले ते बेचाळिसाव्या वर्षी कॅप्टन होऊन उठले. दोष त्यांचा नव्हता. कंपनीत बढतीची एकच यादी होती, नोकरीला लागल्याच्या तारखेप्रमाणे. वरचा माणूस निवृत्त झाला, मेला किंवा डॉक्टरनं त्याला नापास केलं, की खालचे सगळे एक पायरी वर. बाबांच्या वरची माणसं ठणठणीत होती आणि नवी विमानं काही येत नव्हती.

त्या वर्षांत त्यांनी काय काय गिळलं, ते मी जेवणाच्या टेबलावर ऐकत मोठा झालो. एक कॅप्टन त्यांच्याकडून संत्रं सोलून घ्यायचा, फोडींवरच्या पांढऱ्या शिरासुद्धा काढून. दुसरा गुंडाळलेल्या कागदानं बोटांवर फटका मारायचा. तिसऱ्यानं सलग दोन वर्षं त्यांना एकदाही विमान उतरवू दिलं नाही. बाबा हे सगळं चिडून सांगत नसत, मिरवत सांगत. त्यांच्या लेखी तेच खरं शिक्षण होतं.

मी पायलट झालो नाही. विमानाचं दार बंद झालं की मला ते उघडून खाली उतरावंसं वाटायचं. मी डोळ्यांचा डॉक्टर झालो. बाबा वर्षभर नीट बोलले नाहीत. पुढे मी त्यांच्याच कंपनीतल्या एका को-पायलटशी लग्न केलं, तेव्हा कुठे निवळले. "चला, सून तरी कामाची मिळाली," म्हणाले. आईबाबा खालच्या मजल्यावर, आम्ही वरच्या. पहिली काही वर्षं संध्याकाळच्या चहाला सासरा आणि सून वाऱ्यांवर आणि धावपट्ट्यांवर तासन्‌तास बोलत, आणि आई नि मी आपले बिस्किटं खात बसायचो.

बिनसलं ते निवृत्तीच्या वयावरून.

कंपनीत साठाव्या वर्षी निवृत्ती होती. बाबा साठीला आले त्या वर्षी अकरा कॅप्टन जाणार होते आणि वाट बघणाऱ्यांत माझ्या बायकोचा नंबर नववा होता. म्हणजे तिची खुर्ची नक्की. तेवढ्यात पायलटांच्या संघटनेत ठराव आला, की वय पासष्ट करावं अशी मागणी कंपनीकडे करायची. ठराव मांडायला उभे राहिले बाबा.

मी तिथे नव्हतो, पण हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की असल्यासारखंच आहे. बाबा माईकवर म्हणाले, "सहा वर्षांत कॅप्टन व्हायची घाई कशाला? मी एकोणीस वर्षं थांबलो. थांबल्यानं पायलट पिकतो."

माझी बायको मागच्या रांगेतून उभी राहिली. "पिकतो की सडतो?"

सभागृह हसलं. बाबांना कुणी शिवी दिली असती तर चाललं असतं; पण हसलेलं त्यांना चालत नसे. ठराव चौदा मतांनी पास झाला. कंपनीनंही लगेच मानला. नवे कॅप्टन तयार करण्यापेक्षा जुने वापरणं तिला सोपं होतं.

त्यानंतरची तीन वर्षं आमच्या घरात कुणी मोठ्यानं भांडलं नाही, आणि एक दिवसही भांडण थांबलं नाही. बाबा तिला 'कॅप्टनबाई' म्हणायला लागले. "कॅप्टनबाई, मीठ सरकवा." त्यांच्या एकसष्टाव्या वाढदिवसाला आईनं केक आणला, तर ही म्हणाली, "आत्ताच कापायचा, की हाही पाच वर्षं पुढे ढकलायचा?" आईनं सुरी परत स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. दुसऱ्या कंपन्यांत तिच्यानंतरच्या बॅचचे लोक पाचव्या वर्षी कॅप्टन होत होते. एकेकाचा फोटो फोनवर यायचा, खांद्यावर चार पट्ट्या. ती फोटो नीट मोठा करून बघायची आणि फोन पालथा ठेवायची.

"तू का जात नाहीस तिकडे?" मी एकदा विचारलं.

"मी का जाऊ? त्यांनी जावं. वेळ त्यांची झालीय."

बाबा बासष्ट वर्षांचे असताना एका दुपारी माझ्या दवाखान्यात आले. न सांगता, पेशंटांच्या रांगेत बसून. विमानतळावर डावीकडून येणारी सामानाची गाडी त्यांना दिसली नव्हती. ड्रायव्हरनं ब्रेक मारला म्हणून वाचले. "नंबर बदलला असेल चष्म्याचा," म्हणाले.

नंबर तोच होता. तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ त्यांनी घडाघडा वाचली. मग मी त्यांना दुसऱ्या मशीनवर बसवलं. त्यात हनुवटी टेकवून समोर बघत राहायचं आणि कडेला कुठेही प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. बाबा बटण दाबत होते, पण डावीकडे वरच्या बाजूला ठिपके येऊन जात होते आणि त्यांचा अंगठा हलत नव्हता. चूक नको म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना पुन्हा बोलावलं. तेच निघालं.

"काचबिंदू आहे, बाबा. दोन्ही डोळ्यांत. गेलेली नजर परत येत नाही. औषधानं उरलेली टिकेल."

"शेवटची ओळ वाचली ना मी?"

"वाचलीत. समोरचं छान दिसतंय. कडेचं जातंय."

"कंपनीच्या डॉक्टरनं चार महिन्यांपूर्वी पास केलंय मला."

"त्यानं या मशीनवर बसवलं नसेल."

मशीननं छापलेल्या कागदावरचा काळा डाग, म्हणजे न दिसलेला भाग, त्यांनी बराच वेळ बघितला. मग कागद माझ्या टेबलावर उलटा ठेवला. "बायकोनं सांगितलं का तुला हे?"

मला कळेचना. "काय सांगितलं?"

"मधे दोघं कॅप्टन आजारपणात गेले, वाट बघणारे सहा जण कंपनी सोडून गेले. आता यादीत पहिलं नाव तिचं आहे. मी उठलो की ती बसणार. पाठ आहे मला ती यादी, लहानपणच्या पाढ्यांसारखी."

"मला माहीत नव्हतं, बाबा."

"एका घरात राहता आणि माहीत नव्हतं?"

खरंच नव्हतं. तिनं मला यादीतला नंबर सांगणं कधीच सोडून दिलं होतं. पण हे त्यांना पटवता येणार नव्हतं, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही पटलं नसतं.

"आठ दिवसांत तुम्ही स्वतः कंपनीला कळवा," मी म्हटलं. "नाही कळवलंत तर मला कळवावं लागेल. मागे दीडशे माणसं बसलेली असतात."

"बापाला धमकी देतोस?" ते उठले. "एकोणीस वर्षं मी तिथे बसून होतो, तेव्हा माझ्यासाठी कुणी पत्र लिहिलं नाही." बाहेर जाताना त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

बायकोला सांगितलं तेव्हा वाटलं, निदान ती तरी माझी बाजू समजून घेईल. ती माझ्यावरच तडकली.

"तपासलंस कशाला? दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवायचं होतंस."

"आता तपासलं ना."

"मग आता मी कॅप्टन झाले की जन्मभर ऐकायचं, नवऱ्याच्या चिठ्ठीवर झाली म्हणून."

"मग लिहू नको?"

"लिही. लिहायलाच हवं, मी यादीत असले काय नि नसले काय. पण मला विचारून लिहू नकोस." ती खिडकीशी गेली, परत आली. "आणि खरं सांगू? तू सांगितलंस तेव्हा आधी मला आनंद झाला. त्याचाच जास्त संताप येतोय."

त्या आठ दिवसांत बाबांनी चार दिवस विमान उडवलं. सकाळी गणवेश घालून ते अंगणात येत, वर माझ्या खिडकीकडे बघत आणि मगच गाडीत बसत. ते घरी पोचल्याचं कळेपर्यंत मी एकाही पेशंटकडे धड बघू शकत नव्हतो. नवव्या दिवशी मी कंपनीच्या वैद्यकीय विभागाला पत्र लिहिलं, दोन्ही दिवसांचे कागद जोडले, आणि संध्याकाळी खाली जाऊन सांगितलंही.

बाबा उठून आतल्या खोलीत गेले. आई म्हणाली, "अरे, तीनच तर वर्षं उरली होती."

कंपनीनं त्यांना दुसऱ्या शहरात नेऊन तपासलं. निकाल तोच आला. ओळखपत्र त्यांनी टपालानं परत पाठवलं, स्वतः गेले नाहीत. निरोपाचा कार्यक्रम ठरला होता, त्यालाही नाही.

यादी एका पायरीनं सरकली. माझ्या बायकोला कॅप्टनच्या प्रशिक्षणाचं पत्र आलं तेव्हा तिच्या नोकरीला नऊ वर्षं झाली होती. पत्र आलं त्याच आठवड्यात कंपनीतल्या तिच्या कपाटावर कुणीतरी कागद चिकटवला: 'डोळ्यांचं ऑपरेशन यशस्वी.' तिनं तो काढला नाही. प्रशिक्षण संपेपर्यंत ती रोज त्याच कागदासमोर बूट बदलत राहिली.

चार पट्ट्या लावून ती पहिल्यांदा घरी आली, तेव्हा मी तिच्या मागे बॅग घेऊन होतो. बाबा जिन्याशी उभे होते. मुद्दाम उभे होते, हे उघड होतं.

"नऊ वर्षांत चार पट्ट्या," ते म्हणाले. "वादळ आलं की काय करशील?"

"तुम्हाला विचारणार नाही."

"मला विचारून उपयोग काय? मला आता दिसत नाही ना."

"ते तीन वर्षांपूर्वी त्या सभेतच दिसेनासं झालं होतं," ती म्हणाली आणि वर निघून गेली.

मी मधे काहीतरी बोलायला हवं होतं. मी तिच्या मागोमाग बॅग वर नेली. महिन्याभरात आम्ही ते घर सोडलं.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. परवा ती कामावरून आली आणि फ्रिजचं दार असं आपटलं की वरची बरणी खाली आली. तिच्या शेजारी बसणारा पंचवीस वर्षांचा को-पायलट म्हणे कंटाळलाय. चार वर्षं फार होतात, म्हणाला. "चार वर्षं! फार होतात!" मी तिच्याकडे बघितलं. ती काचा वेचत म्हणाली, "असा बघू नकोस हं माझ्याकडे."

बाबा आता गावाच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडे जातात. तो माझाच वर्गमित्र आहे, हे त्यांना माहीत नाही. मधे एकदा आईचा फोन आला, अगदी हळू आवाजात. "निळ्या झाकणाची बाटली सकाळी की संध्याकाळी रे?"

"संध्याकाळी."

मागून बाबांचा आवाज आला, "कुणाला विचारतेयस? ठेव तो फोन."

"एक थेंब की दोन?" आईनं घाईघाईनं विचारलं.

"एकच," मी म्हणालो, पण तोवर फोन कट झाला होता. मी तिला तेवढंच मेसेज करून कळवलं.