मिस्त्रींच्या कपाटातली रिकामी खाच

नोकरीतल्या पुष्कळ घटना मी चहाच्या टपरीवर चारचौघांत रंगवून सांगतो. ही आजवर कुणालाच सांगितली नाही, आणि आठवते मात्र हीच. नावं कुणाची देणार नाही. माझं नाव लेखावर छापलेलं असेल, तेवढं पुरे.

वर्धा जिल्ह्यात महामार्गावरच्या एका ठाण्यात मी तेव्हा ठाणेदार होतो. आजूबाजूला संत्र्याच्या बागा, रस्त्यावर ट्रक आणि ढाबे. अशाच एका ढाब्यामागे एक ट्रकचालक पोटात वार झालेल्या अवस्थेत सापडला. त्याला नागपूरला हलवलं. शुद्ध नाही म्हणून जबाब नाही, साक्षीदार नाही, हत्यारही नाही. वरून रोज फोन येई, ‘काय प्रगती?’ चार दिवस मी ‘तपास चालू आहे’ एवढंच सांगत होतो. अशा वेळी पोलीस गुन्हेगार शोधत नाही, कुणीतरी शोधतो.

पाचव्या दिवशी आमचा एक पानठेलेवाला खबऱ्या आला. “साहेब, एसटीच्या वर्कशॉपमधले ते रिटायर मिस्त्री हायत ना, त्यायच्या घरी भिंतीवर चाकूच चाकू हायत. चाळीसेक असतीन.”

दोन पंच घेऊन आम्ही धडकलो. बैठकीच्या भिंतीवर काचेच्या दाराचं एक उथळ सागवानी कपाट होतं. आत पांढरं सुती कापड, त्याखालच्या लाकडात कोरलेल्या खाचा आणि प्रत्येक खाचेत एक घडीचा चाकू. सगळे मिटलेले. एक शिंगाच्या मुठीचा, एक पितळी मुठीचा, एक कुण्या फौजीकडून मिळालेला, डबा उघडायचा आकडा असलेला. एक तर बोटाएवढा, पूर्वी बोरू तासायला वापरत तसा. प्रत्येकाखाली चिठ्ठी, कुठल्या बाजारात मिळाला, कुणी दिला. कोपऱ्यात कापराच्या वड्या. खालच्या खणात शिलाई मशीनच्या तेलाची कुपी आणि जुन्या बनियनच्या चिंध्या. मिस्त्रींना वाटलं, साहेब संग्रह पाहायला आले. किल्ली आणून त्यांनीच दार उघडलं. “चामड्याच्या पाकिटात नाई ठेवत मी, साहेब. चामडं ओल धरते.”

नऊ इंचांहून लांब पात्याला परवाना लागतो. तिथलं एकही पातं चार इंचांच्या वर नव्हतं. मोजपट्टी माझ्याजवळ होती. ती मी काढली नाही. पंचनाम्यात ‘धारदार शस्त्रे’ असं लिहिलं आणि लांबीच्या जागी ‘अंदाजे’ घालून वेळ मारून नेली.

मग ठाण्यात टेबलावर चादर अंथरून वार्ताहरांसाठी फोटो. मिटलेला चाकू फोटोत चाकू वाटत नाही, म्हणून शिपायांनी आणि मी सगळे उघडले. उन्हाळ्याचे दिवस, हात घामेजलेले. बाकावर बसलेले मिस्त्री उठून आले. “साहेब, हात लावला तं पुसून ठेवा. घामानं जंग धरते. दोन मिनिटं द्या, मीच पुसून देतो, मंग करा सील.”

मी खेकसलो, “ठसे पुसता? माझ्यासमोर पुरावा नष्ट करता?”

शिपाई हसले. मिस्त्री जागेवर जाऊन बसले. ठसेतज्ज्ञाला मी बोलावलंसुद्धा नव्हतं. पण आपण हुशारी दाखवली असं वाटून मी खूश होतो. न पुसताच चाकू कापडात बांधले, लाखेची सील मारली आणि मुद्देमालाच्या खोलीत टाकले. फोटो दुपारपर्यंत गावातल्या प्रत्येक मोबाइलवर पोचला.

कपाटात एक खाच रिकामी होती. मला वाटलं, गुन्हा तिथेच उघडकीला आला.

“इथला चाकू कुठे आहे?”

“देला एकाले. कामासाठी.”

“कोणाला?”

“नाव नाई सांगत, साहेब.”

“काऊन?” मीही त्यांच्याच बोलीवर आलो.

“तुमी त्याले उचलान.”

मिस्त्रींना अटक केलीच नव्हती. चौकशीला म्हणून सकाळी बोलवायचं आणि संध्याकाळपर्यंत दारासमोरच्या बाकावर बसवून ठेवायचं. येणारा-जाणारा पाहतो. मारापेक्षा ते जास्त लागतं, हे आम्हाला पक्कं ठाऊक असतं. तीन दिवस झाले तरी मिस्त्री नाव सांगेनात. तिसऱ्या दिवशी त्यांची बायको डबा घेऊन आली. तिला मी बाजूला घेतलं. “बाई, आज नाव कळलं नाही तर उद्या यांच्या हातात बेडी पडेल.”

बाई रडायलाच लागल्या. “साहेब, तो कलमवाला येते न आमच्याकडं, गोंड आहे, संत्र्याचे कलमं बांधते. यायच्या भावासारखाच हाय. त्याले देला यायनं. पण त्यानं काई नाई केलं हो.”

तासाभरात तो माणूस माझ्यासमोर उभा होता. वय पन्नाशीचं, बोटांना माती. चाकू त्याने स्वतःच खिशातून काढून टेबलावर ठेवला. पात्यावर झाडाचा चीक वाळलेला होता, रक्ताचा मागमूसही नव्हता. तरी मी त्याच्या दोन थोबाडीत दिल्या. तो ‘मी नाई, साहेब’ याच्या पुढे जाईना, तेव्हा मी जुनी युक्ती काढली. “तुझ्या मिस्त्रीनेच तुझं नाव दिलं. म्हणाला, चाकू त्याच्याजवळ आहे, त्यालाच धरा.”

हे धडधडीत खोटं होतं. दोघांना एकमेकांपासून तोडायचं म्हणजे एक बोलतो, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. त्याने मान वर केली. “मिस्त्रीभाऊनं?” एवढंच विचारलं. पुढचे दोन दिवस तो ठाण्यात होता, पण तोंडातून शब्द काढला नाही.

मग ट्रकचालक शुद्धीवर आला आणि त्याने जबाब दिला. भांडण त्याच्याच जोडीदाराशी झालं होतं. चाकू ढाब्यावरचा, कांदे चिरायचा. तो मागच्या नालीत सापडला. आरोपी धरला आणि वरून मला शाबासकी मिळाली.

कलमवाल्याला सोडताना मी त्याचा चाकू पुढे केला. “घेऊन जा.”

“नाई पाह्यजे, साहेब. आमच्या खिशात दिसला का तुमी धरता.”

तोही मुद्देमालात गेला. त्याला त्याच वेळी खरं सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. मला अहवाल पाठवायची घाई होती.

कोर्टाचा आदेश व्हायला पावसाळा उलटला. मिस्त्री चाकू न्यायला आले. सील फोडली, कापड सोडलं आणि तांबूस भुकटी टेबलावर सांडली. पितळी मुठीचा चाकू त्यांनी उघडून खिडकीकडे धरला. पात्यावर गंजाचा अख्खा अंगठा उमटला होता, रेषा मोजता याव्यात इतका स्पष्ट. “हा अंगठा माझा नाई, साहेब,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. फोटोसाठी तो चाकू मीच हातात धरला होता.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी एकदा त्यांच्या घरी गेलो. का गेलो ते मलाही नीट सांगता येणार नाही. कपाट जागेवर होतं. चाकू घासून लखलखीत केले होते. अंगठा मात्र निघाला नव्हता. रिकामी खाच भरलेली होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, “चला, सगळे परत मिळाले.”

“तो इथं नाई पाह्यजे होता, साहेब,” मिस्त्री म्हणाले. “तो कामाचा चाकू हाय. कलमवाला तवापासून या घराची पायरी नाई चढला. मी दोन डाव गेलतो. घरात असून भेटला नाई. त्याले वाटते, मी नाव देलं.”

“नाव मी घेतलं,” त्यांची बायको दारातून म्हणाली आणि आत निघून गेली.

मिस्त्रींनी तो चाकू काढला, पुसला, तेलाचा थेंब लावला, चिंधीत गुंडाळून माझ्या हातात दिला. “तुमी द्या त्याले. तुमी सांगतलं तं आयकन तो.”

मी बागेत गेलो. कलमवाला उकिडवा बसून रोपाला पट्टी बांधत होता. मी साध्या कपड्यांत होतो, तरी त्याने ओळखलं. मी तोंड उघडायच्या आत तो उभा राहिला आणि पँटचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले.

 तरी मी सगळं सांगितलं. मिस्त्रींनी तीन दिवस तुझं नाव घेतलं नाही. मी खोटं बोललो. माझी चूक झाली, मला माफ कर. प्रत्येक वाक्याला तो ‘हो साहेब’ म्हणाला. चाकू पुढे केला तेव्हा तेवढं ‘नाई साहेब’. मग खाली बसून पट्टी बांधू लागला. ते ‘हो साहेब’ मी तीस वर्षं ऐकत आलो होतो. त्याचा अर्थ ‘पटलं’ असा नसतो, ‘आता जा’ असा असतो. हे कळायला मला वर्दी उतरवावी लागली.

परत आलो तर मिस्त्री फाटकातच उभे होते. “घेतला त्यानं?”

त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मी म्हणालो, “घेतला.”

“मंग येईन आता तो.”

“येईल.”

खोटं बोलून माणसाकडून खरं काढता येतं, हे मी नोकरीत शिकलो होतो. खोटं परत घ्यायला गेलो तर ऐकणाऱ्याचा विश्वास उरलेला नसतो, हे या प्रकरणाने शिकवलं. आणि इतकं शिकून मी त्या फाटकात पुन्हा खोटंच बोललो, याची लाज सगळ्यांत जास्त वाटते.

मिस्त्री, हे तुमच्या वाचनात आलं तर खरं ते कळावं. त्याने चाकू घेतला नाही. ती खाच तुम्ही त्याच्या भरवशावर रिकामी ठेवली असेल. चाकू माझ्या टेबलाच्या खणात आहे, सुती कापडात, चामड्यात नाही. दर रविवारी काढतो, तेल लावतो, आणि ठेवण्याआधी माझा अंगठा पुसतो. तुमच्या घरी आणून द्यायची हिंमत अजून झालेली नाही.