मधली रोपं

ओझरच्या पुढे टोमॅटोच्या बियाण्याची एक छोटी कंपनी आहे. तिथे मालनबाई भेसळ काढायच्या. बियाण्याच्या प्लॉटमध्ये वेगळ्या जातीचं रोप राहून गेलं तर सगळं बी बाद होतं. म्हणून वेगळं दिसलं की उपटायचं. नवरा गेल्यावर याच कामावर त्यांनी घर चालवलं. आता गुडघे साथ देत नव्हते. वाफे भरणं, पाणी देणं ही कामं सुटली होती. राहिली होती ती फक्त नजर, आणि त्या नजरेच्या भरवशावर मॅनेजरसाहेबांनी त्यांना ठेवून घेतलं होतं.

यंदा चैताली नावाची नवी संशोधक आली. तिने शेडनेटमध्ये रोपांचे ट्रे लावले आणि मालनबाईंना सांगितलं, "मावशी, एवढे सांभाळा." कशासाठी, ते सांगायचं राहून गेलं. मालनबाईंनीही विचारलं नाही. ट्रेमध्ये दोन तऱ्हेची रोपं होती: जांभळ्या खोडाची लवदार आणि हिरव्या खोडाची गुळगुळीत. दोन वाण एकत्र पेरले असतील, असं त्यांनी धरलं. मग अधूनमधून जांभळं पण गुळगुळीत, नाहीतर हिरवं पण लवदार असं रोप दिसू लागलं. ना इकडचं, ना तिकडचं. त्यांनी ते काढलं आणि खताच्या खड्ड्यात टाकलं.

मोजणीच्या दिवशी चैतालीचा चेहरा उतरला. दोन्हींच्या मधलं एकही रोप नव्हतं; ट्रेच्या रिकाम्या खणांतलं बी उगवलंच नसेल, असं तिने धरलं. मालनबाईंनी चहा पुढे केला आणि काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा तिने पंचवटीतल्या फुलवाल्यांच्या माळांचा दाखला देऊन सांगितलं. रोपाच्या पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. जोडीतलं एक आईकडचं, एक बापाकडचं. शेजारी ठेवलेल्या दोन माळा समजा. परागकण नाहीतर बीजांड तयार होताना त्या मध्येच कुठेतरी तुटतात आणि हिचा तुकडा तिला, तिचा हिला असा जोडला जातो. लगत ओवलेली दोन फुलं बहुधा एकाच तुकड्यात राहतात. लांबच्या फुलांची ताटातूट वरचेवर होते. ट्रेमधली रोपं जांभळ्या-लवदार आणि हिरव्या-गुळगुळीत वाणांच्या संकराची पुढची पिढी होती, आणि खोडाचा रंग आणि लव ही अशीच दोन फुलं. शंभर रोपांत किती ठिकाणी त्यांची ताटातूट झाली, त्यावरून दोघांतलं अंतर काढायचं, आणि अशा अंतरांवरून गुणसूत्राचा नकाशा. आता ताटातूटच नाही म्हटल्यावर दोन्ही गुण एकाच जागी आहेत असं लिहावं लागणार होतं.

"म्हणजे जांभळं असून लव नसलेलं, तसलं रोप पाहिजे व्हतं?"

"हो. तेच तर मोजायचं होतं."

मालनबाई खाली बसल्या. गप्प राहिलं असतं तर कुणाला कळणार नव्हतं. बोललं, तर उरलेलं एकच काम हातचं जाणार होतं. पण ही पोर खोटा नकाशा खरा समजून पुढे जाईल, हे त्यांना बघवेना.

"ताई, ती म्या उपटली. भेसळ समजून."

 "मीच आधी सांगायला हवं होतं, मावशी," चैताली म्हणाली. मॅनेजरसाहेबांना जाऊन तिने तेच सांगितलं. ते करवादले, पण बी अजून शिल्लक होतं, आणि पुन्हा पेरायची परवानगी मिळाली. तिने एकच अट घातली, की राखणीला मालनबाईच हव्यात. मधलं रोप त्यांच्याइतकं लवकर कुणाला दिसत नाही.

नवी रोपं वर आली. शंभरात आठ-दहा मधली निघू लागली. जन्माची सवय अशी, की प्रत्येक वेळी मालनबाईंची बोटं आपसूक पुढे जायची. शेवटी त्या हात पाठीमागे धरून ट्रेमधून फिरू लागल्या. मधलं रोप दिसलं की हनुवटीने दाखवायच्या, आणि चैताली त्याला लाल दोरा बांधायची.

मॅनेजरसाहेब एकदा दारातूनच म्हणाले, "काय मालनबाई, आज नुसतंच फिरताय?"

"काम चालू हाय, साहेब," त्या म्हणाल्या. "हात लावायचा नाय, हेच काम हाय. लय अवघड हाय."