मानेवरचं पिवळं

कॉर्न स्नेक म्हणजे घरात पाळायचा बिनविषारी साप. त्यातल्या करड्याचे दोन प्रकार. अ‍ॅनरी आणि चारकोल. लहानपणी दोन्ही सारख्याच राखाडी. मोठेपणी अ‍ॅनरीच्या मानेवर पिवळी झाक येते, चारकोलच्या येत नाही. झालं, एवढाच फरक! हे ज्यानं ठरवलं त्याच्या नानाची टांग.

माझी अ‍ॅनरी तीन वर्षांची झाली तरी पिवळ्याचा पत्ता नव्हता. त्यात साताऱ्याची एक मैत्रीण परगावी जाताना तिची चारकोल महिनाभर आमच्याकडे विश्रामबागेत ठेवून गेली. ती न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी मी शहाणीनं पेट्या धुवायला काढल्या आणि दोघींना एकाच टबात टाकलं. मग कळेना, आपली कुठली! टॉर्च मारला, भिंग लावलं, डोकं फिरायची पाळी आली. तीन वर्षं पाळलेलं जनावर ओळखता येईना. लाजेनं आईलाही बोलले नाही.

सकाळी बघते तर एकीच्या मानेवर दोन्ही बाजूंना छान पिवळं! जीव भांड्यात पडला. आई पहाटेच्या एसटीनं कवठे महांकाळला लग्नाला गेली होती, नाहीतर तिलाही दाखवलं असतं. दुसरी मैत्रिणीच्या हवाली केली. "डोळे झाकून ने," म्हटलं.

पंधरा दिवसांनी माझ्याकडचीनं कात टाकली. पिवळं गायब! मी किंचाळलेच.

"आगं, हळद व्हती ती," आई स्वयंपाकघरातनं म्हणाली. "पाव्हणी आपल्या घरी निघालीवती, तिला तशीच कशी लावून द्यायची? कुकू नगं म्हटलं, डोळ्यात जाईल. डोक्याला हात लावू देईना, म्हून मानंला दोन बोटं वढली."

"म्हणजे मी आपलीच देऊन बसले! तुला ओळखता येत होती तर बोलली का नाहीस?"

"मला कुठं इचारलंस?"

मैत्रिणीला फोन केला, तर ती भडकली. "तेव्हाही खात्रीच होती ना तुझी? आता कशावरून सांगतेस?"

आईनं माझ्या हातातनं फोन घेतला. "बाई, हिची लय वांड हाय. पाणी पिऊन झालं की वाटी पालथी करती. तीन वर्सं मीच पुसतीय."

मी फोन स्पीकरवर टाकला. मैत्रीण म्हणाली, "काकू, इथं रोज वाटी पालथी पडतेय."

माझा मलाच इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षं मी सगळ्यांना सांगत होते, माझी फार शहाणी आहे, पेटी कायम कोरडी असते.